ब्रेकवरचा पाय

मेहकर तालुक्यात आज ज्या बायका चारचाकी चालवतात, त्यांतल्या निम्म्या तरी डोणगावच्या संजीवनीताईंच्या हाताखालून गेल्या आहेत. बसस्टँडच्या मागे त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. पांढरी अल्टो, टपावर लाल 'एल'चा फलक, आणि डाव्या बाजूच्या सीटपुढं शिकवणाऱ्यासाठी बसवलेले जादा क्लच-ब्रेक. त्या सीटवर बसून संजीवनीताईंनी वीस वर्षं लोकांना वाचवलं. शिकणारा चुकला की यांचा उजवा पाय आपोआप खाली जायचा. त्यासाठी त्यांना विचार करावा लागत नसे.

हे सगळं सुरू झालं ते टमाट्यांपायी. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा घरची बागायत भाजीपाल्याची होती. एका वर्षी ऐन तोडणीत नवऱ्याचा, राजकुमारचा, हात मोडला. शेतात कॅरेटवर कॅरेट माल भरून पडलेला आणि गाडी नेणारा कुणी नाही. तेव्हा संजीवनीताईंनी शेतातल्या शेतात पिकअप चालवून बघितली आणि आठवड्याच्या आत मेहकरच्या बाजारात माल नेऊन टाकला. रस्त्यानं बायका थांबून बघत. मग एकेक जण विचारायला लागली, आम्हाला शिकवशील का? त्यातून हे स्कूल उभं राहिलं.

त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांपैकी एक प्रज्वल. डोणगावचाच पोरगा. शिकायला आला तेव्हा आरशात न बघता वळायचा, म्हणून संजीवनीताईंनी त्याला दोनदा भर रस्त्यात गाडीतून उतरवून चालत घरी पाठवलं होतं. पुढे तो विमान चालवायला शिकला, आणि अकोल्याकडच्या एका लहानशा धावपट्टीवर उड्डाण शिकवणाऱ्या संस्थेत प्रशिक्षक झाला. परवाच्या नाही, त्याच्या आदल्या दिवाळीत तो पेढे घेऊन भेटायला आला आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, मी तुमच्या गाडीत लय बसलो. आता तुम्ही एक बार माह्या गाडीत बसा."

संजीवनीताई गंमत म्हणून गेल्या. दोन सीटांचं छोटंसं सेसना, पत्र्याचं खेळणं वाटावं असं. प्रज्वलनं त्यांना डाव्या सीटवर बसवलं. नेहमीचीच जागा, म्हणून त्या निवांत बसल्या. मग प्रज्वल म्हणाला की विमानात चालवणारा डावीकडे बसतो आणि शिकवणारा उजवीकडे. वर गेल्यावर त्यानं हात काढून घेतले आणि विमान त्यांच्या हाती दिलं. त्यांनी समोरचं स्टिअरिंग घट्ट आवळून धरलं.

"हात हलका ठेवा मॅडम," प्रज्वल म्हणाला. "तुम्हीच सांगत होत्या ना मले, स्टिअरिंग हाय, कोंबडीची मान नाही."

त्यांना हसू आलं, हात सैल झाला, आणि विमान आपलं आपण सरळ झालं. खाली शेतांचे तुकडे, मधून नदी, त्यावर त्यांची स्वतःची सावली पळत होती. उतरल्यावर त्यांचे कान लाल झाले होते आणि बोलणं थांबत नव्हतं. घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवूनच टाकलं. स्वतःपुरतं विमान चालवायचं लायसन्स काढायचं. कुठं नोकरी करायची नव्हती, वयाचं चव्वेचाळिसावं लागलं होतं. पण हे आपल्याला आलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं दुसऱ्या दिवशी उठल्यावरही गेलं नाही.

राजकुमारनं आधी चेष्टा केली, मग शनिवार-रविवार तोच त्यांना धावपट्टीवर सोडायला जाऊ लागला. वर्षभर असं चाललं. हवामानाची पुस्तकं झाली, रेडिओवर बोलायची परीक्षा झाली, एकटीनं विमान नेऊन आणणंही झालं. त्या दिवशी संस्थेतल्या पोरांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, आणि त्या ओल्या अंगानं सगळ्यांना जिलेबी वाटत फिरल्या. आता राहिली होती शेवटची उड्डाणपरीक्षा. बाहेरून परीक्षक येणार, शेजारी बसणार आणि सगळं करून दाखवायला लावणार.

परीक्षेला महिना असताना प्रज्वलनं रंगीत तालीम घेतली. वरचं सगळं झकास झालं. उतरताना मात्र जमिनीजवळ वाऱ्याचा एक झपाटा आला, विमान हललं, संजीवनीताई दचकल्या, आणि त्यांचा उजवा पाय खाली गेला.

विमानात पायाशी दोन पेडल असतात. ती पुढंमागं केली की शेपटीकडचं सुकाणू वळतं, आणि त्यांच्या वरच्या कडेवर चवडा दाबला की चाकांना ब्रेक लागतात. म्हणून उतरताना टाचा तळावर टेकवून चवडे मोकळे ठेवायचे असतात. संजीवनीताईंचा चवडा पूर्ण दाबलेला होता. चाकं टेकताच टायर किंचाळला, विमान उजवीकडे ओढलं गेलं. प्रज्वलनं सावरलं म्हणून गवतात गेलं नाही.

विमान उभं राहिलं. संजीवनीताई पायाकडे बघत म्हणाल्या, "वीस वर्षांचा पाय हाय हा. दचकला का खाली जाते."

"मले मालूम हाय मॅडम," प्रज्वल म्हणाला. "पण परीक्षेत असं झालं तं नापास. अन् एकट्या असताना झालं तं त्याहून वाईट."

रात्री जेवताना त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. सासूबाई सत्यभामाबाई ऐकत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, शाळेचं तोंड न बघितलेली, पण सुनेच्या विमानाचा त्यांना सुरुवातीपासून पोरीसारखा सोस. त्यांनी एवढंच विचारलं, की दचकल्यावर पाय दाबायचा नाही तर मग करायचं काय? संजीवनीताईंनी सांगितलं, की उतरताना पुढं काही आडवं आलं तर हातानं इंजिनला पूर्ण जोर द्यायचा आणि पुन्हा वर निघून जायचं. गाडीच्या अगदी उलट.

सत्यभामाबाईंनी कोपऱ्यातल्या कॅरेटमधून एक पिकलेला टमाटा उचलला.

"हा पायाच्या चवड्याखाली ठेव," त्या म्हणाल्या. "फुटला तं समजजो का तुह्याकडून ब्रेक लागला."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शाळा भरली. संजीवनीताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या, टाच जमिनीवर, समोर तिरपी वीट, आणि वीट अन् चवडा यांच्यामध्ये टमाटा. उजव्या हाताशी पाटावर लाटणं, ते पुढं सरकवलं की इंजिनला जोर. डोळे मिटून त्या सगळं उड्डाण मनातल्या मनात करायच्या आणि तोंडानं बोलत राहायच्या. सत्यभामाबाई ओट्यावर बसून धावपट्टीवरच्या टॉवरचं काम करायच्या. प्रज्वलनं फोनवर पाठवलेलं ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. "किलिअर टू लँड," त्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, आणि शेजारपाजारचे लोक कुंपणावरून बघायचे.

राजकुमारचं काम दचकवायचं. ते त्यानं फार मन लावून केलं. कधी कानामागं थाळी वाजवली, कधी अंगावर पाणी शिंपडलं, कधी एकदम "म्हैस आली" म्हणून ओरडला. पहिल्या दिवशी सात-आठ टमाटे फुटले. दुसऱ्या दिवशीही तेवढेच. घरात दोन्ही वेळा टमाट्याची चटणी होऊ लागली, आणि राजकुमार म्हणाला की आता तू पास हो नाही तर मी भाजी बदलून मेथी लावतो.

पण खरी अडचण वेगळीच होती. सकाळी गाडीत पाय ब्रेकवर मारायचा आणि संध्याकाळी तोच पाय रोखायचा, हे एका अंगाला जमेना. तेव्हा संजीवनीताईंनी आपली जुनी विद्यार्थिनी मंजुश्री हिला बोलावलं. मंजुश्री आता स्कूलमध्ये बायकांची तुकडी शिकवायची. परीक्षा होईपर्यंत सगळ्या तुकड्या तिनं घेतल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा संजीवनीताई अल्टोच्या डाव्या सीटवर बसल्या नाहीत. त्यांना करमेना. पण हळूहळू टमाटे वाचायला लागले. एका संध्याकाळी राजकुमारनं फटाका लावला. लाटणं पाटावरून पुढं जाऊन भिंतीवर आदळलं आणि टमाटा होता तसा राहिला. सत्यभामाबाईंनी तो उचलून, धुऊन देवापुढं ठेवला.

परीक्षेच्या दिवशी हवा थंड आणि स्वच्छ होती. माघ महिना, दूरवरचा सातपुडा निळा दिसत होता. परीक्षक म्हणून आलेले कॅप्टन भटनागर उंच, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी हिंदीत नाव विचारलं, कागद बघितले आणि विमानाकडे चला म्हणाले. राजकुमार कुंपणाबाहेर गाडीला टेकून उभा राहिला. प्रज्वल हँगरच्या दाराशी उगाच एक पाना पुसत बसला होता.

संजीवनीताईंनी टाचा तळावर टेकवून घेतल्या. विमान धावलं, नाक उचललं, जमीन सुटली. त्यांनी तिरपे वळसे घेतले, उंचीचा काटा जागचा हलला नाही. विमानाचा वेग मुद्दाम तोडून, ते धडपडल्यावर पुन्हा उचलून दाखवलं. भटनागर फक्त मान हलवत होते.

मग एकाएकी त्यांनी इंजिनचा जोर काढून घेतला. इंजिन बंद पडलंय असं समजा, म्हणाले, कुठं उतरवाल?

संजीवनीताईंनी खाली बघितलं. गव्हाचं हिरवं रान ओलं होतं, चाकं रुतली असती. तुरीच्या रानात कापणीनंतरचे टोकदार खुंट उभे होते. पलीकडच्या पट्टीवरून विजेच्या तारा गेल्या होत्या. त्यांनी हरभरा काढून झालेलं एक लांब, सपाट शेत निवडलं, वाऱ्याची दिशा बघितली आणि शांतपणे विमान तिकडं वळवलं. शेतातली माणसं मान वर करून बघताना दिसू लागली तेव्हा भटनागर म्हणाले, बस, आता वर चला.

शेवटी उतरणं राहिलं. टॉवरनं परवानगी दिली. धावपट्टी समोर सरळ येत गेली, वारा नव्हता, सगळं मनासारखं होतं. विमान पट्टीच्या टोकावर आलं, संजीवनीताईंनी नाक किंचित उचललं, चाकं टेकायला हातभर अंतर राहिलं असेल. तेवढ्यात डावीकडच्या उंच गवतातून एक रोही, नीलगाईचा नर, उडी मारून पट्टीवर आला. भलामोठा, राखाडी, थेट समोर. आणि तो थांबला. विमानाकडे बघत उभा राहिला.

पुढचं कसं झालं ते संजीवनीताईंना नीट सांगता येत नाही. त्यांना आठवतो तो इंजिनचा आवाज. हात पुढं गेलेला होता. विमान क्षणभर जड वाटलं, मग उचललं, आणि रोही त्यांच्या चाकांखालून मागं गेला. "गो अराउंड," त्या रेडिओवर म्हणाल्या, आणि आपला आवाज इतका साधा कसा आला याचं त्यांनाच नवल वाटलं. वेग धरल्यावर त्यांनी पायाकडे बघितलं. टाच तळावर होती.

पुन्हा एक फेरी झाली. दरम्यान पट्टीवरच्या लोकांनी जीप पळवत रोहीला हाकलून लावलं. दुसऱ्या वेळी चाकं अशी टेकली की टेकल्याचं कळलंसुद्धा नाही.

विमान उभं करून इंजिन बंद केल्यावर भटनागरांनी कानावरचा हेडफोन काढला आणि पहिल्यांदाच विचारलं, आप करती क्या हैं? गाडी चालवायला शिकवते, असं त्यांनी सांगितलं. ते थोडा वेळ हसत राहिले.

"उस वक्त मेरा पैर ब्रेक पर चला गया था," ते म्हणाले. "आपका नहीं गया. मैंने देखा. आप पास हैं."

संजीवनीताई खाली उतरल्या तेव्हा प्रज्वल धावत येत होता, आणि राजकुमार पहारेकऱ्याचं न ऐकता फाटकातून आत शिरला होता. तिघंही एकदम बोलायला लागले. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मग घरी फोन लागला.

"पास झाले, आई," संजीवनीताई म्हणाल्या.

पलीकडे सत्यभामाबाईंनी एक मोठा श्वास घेतला. मग विचारलं, "मंग मले कधी नेशीन?"

लायसन्स हातात यायला उन्हाळा लागला. पहिल्यांदा कोण बसणार यावर राजकुमारनं हक्क सांगून पाहिला, पण त्याचं काही चाललं नाही. एका सकाळी सत्यभामाबाई नवं लुगडं नेसून सेसनाच्या उजव्या सीटवर बसल्या. खालच्या पेडलांना पाय लागता कामा नये, असं सुनेनं बजावलं होतं, म्हणून त्यांनी पट्टा बांधायच्या आधीच पाय वर घेऊन पाटावर बसावं तशी मांडी घातली.

त्या उत्तरेकडे गेल्या. शेतं संपत आली, जमीन चढायला लागली, सातपुड्याच्या पायथ्याशी झाडी दाट झाली. संग्रामपूर मागं टाकल्यावर सत्यभामाबाई खिडकीच्या काचेला नाक लावून बसल्या. खाली एक ओढा, त्याच्या काठाला पंचवीस-तीस घरं, एक पांढरं देऊळ. त्यांचं माहेर. भाऊ गेल्यापासून त्यांना तिकडं जायला निमित्त उरलं नव्हतं. कितीतरी वर्षं त्या गेल्या नव्हत्या.

"हेच का आई?"

त्यांनी मान हलवली. हात काचेवर ठेवला. देऊळ हळूहळू पंखाच्या मागं सरकायला लागलं.

"थांबव ना व थोडं," त्या म्हणाल्या.

विमान थांबवता येत नाही, हे संजीवनीताईंनी सांगितलं नाही. त्यांनी उजवा पंख गावाकडे कलता केला आणि त्या पंचवीस-तीस घरांभोवती एक मोठा, संथ वळसा सुरू केला. तो पुरा झाल्यावर सासूबाईंकडे बघितलं, आणि दुसरा धरला.