रकान्यात न मावलेल्या अक्का

माणसांचं ऐकून न घेणारे पुष्कळ असतात, पण छापील कागदाचं ऐकून न घेणारी बाई मी एकच पाहिली: आमच्या अक्का. कलबुर्गीकडच्या आमच्या विद्यापीठात, आवक विभागाच्या खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. अक्का कायम नोकरीत, मी कंत्राटी. बापानं दखनी उर्दूत विचारलं, लेकरानं कन्नडमध्ये आणि आईनं मराठीत डोळे पुसले, तर अक्का तिघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत रागावत. नाव रकान्यात मावलं नाही की समासात लिहून मोकळ्या होत. “नाव माणसाचं हाय, रकान्याचं न्हाई,” म्हणत. नापास पोरगं खिडकीशी आलं की डब्यातली कडक भाकरी पुढं करून म्हणत, “आधी खा, मग रड.”

अशा बाईच्या हाती कार्यभार विश्लेषणाचा तक्ता आला. कुठल्या विभागाला किती माणसं लागतात, हे ठरवायला समिती बसली होती. दर पंधरा मिनिटांना कुणी काय केलं ते लिहायचं: पत्र नोंदवलं, शिक्का मारला, फाईल पुढं पाठवली. माणसांशी बोलण्याला रकानाच नव्हता! काम कमी भरलं तर एक खुर्ची जाणार, आणि जाणारी कंत्राटीच असते. माझी तर झोपच उडाली.

अक्कांनी तक्ता पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुरुवात केली. ‘सव्वाअकरा: मादन हिप्परगा गावचा पोरगा. गुणांचा मार्कमेमो हरवला. आधी पाणी पाजलं.’ पुढं त्या पोराची सही; ‘काम कुणी केलं’ हे त्या संध्याकाळी एकदम भरत. एका आजोबांनी अंगठा उठवला आणि विचारलं, “ह्याचं रेशन कवा मिळतंय?”

समितीचे साहेब म्हणाले, “मागचं आम्ही धरत नाही.”

“कामून? मागं लिवलं म्हणून काम खोटं झालं व्हय?”

“रकान्यात बसत नाही, अक्का.”

“बरं. उद्यापासून बसतंय तेवढंच करते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त शिक्के मारले. कुणी काही विचारलं की बोट दाखवत, “साहेब मोजायलेत, तिकडं जावा.” दुपारपर्यंत समितीच्या दारात जत्रा! एक म्हातारी तर साहेबांच्याच खुर्चीत बसली. साहेब धावत आले, “अक्का, ह्यांना घेऊन जा!” अक्का म्हणाल्या, “लिहून द्या.” आणि साहेबांनी दिलंही: माणसांशी बोलणे हेही काम. मागची पानं मोजायला गेली. मी तर नाचायचीच बाकी होते.

अहवाल आला. खिडकीला एकच खुर्ची. माझी! माझ्याकडं दीड माणसाचं काम निघालं, अक्कांकडं जवळजवळ काहीच नाही. पानं काढून पाहिली, तर प्रत्येक नोंदीत ‘काम कुणी केलं’ इथं अक्कांनी माझं नाव घातलेलं.

मी चिडून गेले. “अक्का, हे खोटं हाय!”

“त्यांनी तरी खरं कुठं मोजायलं व्हतं? मला ते कुठं बी बसवतील. तुला घरी धाडलं असतं. गप बस पोरी.”

त्यांना पार मागच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तिथं माणूस येत नाही, नुसते गठ्ठे. भरल्या माणसांतल्या बाईला तिथं करमत नसणार, हे मला कळतं.

समिती कधीच गेली. तक्ता आता कुणी मागत नाही. तरी मी रोज भरते, मागच्याच बाजूनं. आज खजुरी गावची एक बाई लेकीच्या दाखल्यासाठी रडत आली. तिला भाकरी दिली, मग अर्ज लिहून दिला. तक्त्यात नोंद केली, आणि ‘काम कुणी केलं’ इथं अक्कांचं नाव लिहिलं.