चष्मेवाल्याची सवत

सवत बायकांच्या नशिबी असते, पुरुषाला तिचा त्रास नाही, असं जग मानतं. जगाला काय माहीत? चष्मेवाल्याला सवत होती, आणि तीही साधीसुधी नाही. अख्ख्या देशाचा कारभार हाकणारी.

त्याचं दुकान बाजारातल्या उताराच्या रस्त्यावर, सलूनला लागून. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट आणि भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मागे पडद्याआड काचा घासायचं यंत्र. माणूस कामाला चोख, बोलायला गोड, आणि स्वभावानं असा की बायकोनं शेजारणीच्या मुलाचं कौतुक केलं तरी याच्या पोटात दुखायचं. अशा माणसाची बायको देशाच्या पंतप्रधानांची अंगरक्षक व्हावी, याला काय म्हणावं? दैव म्हणतात ते असंच खोडकर असतं.

आधी ती सरकारी कचेरीच्या फाटकावर लोकांचे पास तपासायची. सकाळी जायची, संध्याकाळी भाजी घेऊन घरी यायची. मग सर्वोच्च खुर्चीवर पहिल्यांदाच एक बाई बसली आणि सगळ्यांची पंचाईत झाली. तोवर साहेबांभोवती सगळे गडीच असायचे. आता गर्दीतल्या बायका बाईंना मिठ्या मारायला धावणार, त्यांना अडवायचं कोणी? कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभं राहायचं कोणी? घाईघाईनं बायका निवडल्या गेल्या. चष्मेवाल्याची बायको निवडीत पहिली आली. ऊर भरून आल्यासारखं करून त्यानं सगळ्या गल्लीला बातमी सांगितली, आणि घरी येऊन जेवला नाही.

तेव्हापासून घरात बाईंशिवाय विषय नाही. बाईंचा घसा बसलाय. बाई आज उपाशीच विमानात बसल्या. एकदा तो तापानं फणफणला होता आणि ही फोनवर म्हणाली, "अहो, आज नाही येता येणार. बाईंची कंबर धरली आहे आणि हे कोणाला कळू द्यायचं नाहीये."

"आणि मला ताप आहे, हे कोणाला कळू द्यायचंय का?" तो म्हणाला. पण तोवर फोन ठेवला गेला होता.

टीव्हीवर बातम्या लागल्या की लोक बाईंकडे बघत. हा बघायचा कोपऱ्याकडे. बाईंच्या डाव्या खांद्यामागे, चित्राच्या कडेला, करड्या कोटातली त्याची बायको. गर्दी पुढे सरकली की ती नजर न हलवता हात आडवा धरायची आणि माणसं जागच्या जागी थांबायची. एकदा बाई वळून तिच्या कानात काहीतरी बोलल्या आणि ती हसली. कामावर हसायचं नसतं, असं तिनंच त्याला सांगितलं होतं! घरी आल्यावर त्यानं विचारलं, "काय बोलल्या गं?"

"काही नाही हो."

त्या 'काही नाही'नं त्याचा आठवडा खाल्ला.

एकदा भाजी निवडताना त्यानं विचारलंच. "तिच्यावर कोणी गोळी झाडली तर तू मध्ये उभी राहणार?"

"तेच तर काम आहे."

"आणि माझ्यावर झाडली तर?"

ती खळखळून हसली. "तुमच्यावर कोण झाडणार? उगाच गोळी वाया."

ती थट्टा होती, हे त्याला कळत होतं. पण थट्टा कळली म्हणून काटा रुतायचा राहतो थोडाच?

निवडणुका तोंडावर आल्या होत्या. एक दिवस ती दुपारीच दुकानात आली, पडद्यामागे गेली आणि रुमालातून एक चष्मा काढला. काडी तुटलेली, एका काचेला तडा. "याच नंबरच्या काचा दुसऱ्या फ्रेममध्ये बसवून द्या. कोणाचा आहे ते विचारू नका."

त्यानं नंबर मोजला. चांगलाच मोठा होता. आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंना तर कोणी कधीच चष्म्यात पाहिलं नव्हतं! भाषणाचे कागद तेवढे दर चार ओळींनी उलटायच्या, इतकी मोठी अक्षरं असायची त्यांवर.

"त्यांना चष्मा लागतो?"

ती खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, "सल्लागार लावू देत नाहीत. म्हणतात, चष्म्यात आजीबाई दिसता, मतं जातील. रडल्या तर कच्च्या, नाही रडल्या तर दगड. आवाज चढवला तर कजाग, उतरवला तर दुबळ्या. चष्मा माझ्या खिशात असतो. दार बंद झालं की देते, दार उघडायच्या आत परत घेते. हे आपल्या दोघांतच राहू द्या हं."

'आपल्या दोघांत' म्हणाली खरी. पण चष्मेवाल्याला ऐकू आलं ते निराळंच. त्याचा स्वतःचा चष्मा महिनाभर दोऱ्यानं बांधलेला होता आणि तिला तो दिसला नव्हता. हा मात्र ती काळजाशी धरून फिरत होती. तरी त्यानं काचा मन लावून घासल्या. कामात खोट करणं त्याच्या रक्तात नव्हतं. खोट पुढे झाली, आणि ती जिभेनं केली.

शेजारचा सलूनवाला विरोधी पक्षाचा कट्टर भक्त. त्यानं आरशाच्या वर आपल्या पुढाऱ्याचं मोठं चित्र लावलं होतं. चेहऱ्यावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. चष्मेवाला दाढीला बसला की तो सुरू व्हायचा. "चष्मा बघा साहेबांचा! किती वाचन असेल माणसाचं!" आणि मग हलकेच, "वहिनी आजही नाहीत वाटतं? बाकी वहिनी त्या बाईंसाठी छातीवर गोळी घेतील. तुमच्यासाठी कपभर चहा करतात का हो कधी?"

बाकावर दोन गिऱ्हाईकं होती, तीही हसली. चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून तो बोलून गेला, "अरे, कसली बाई नि कसलं काय! माझ्या हातचा चष्मा नसेल तर तिला समोरचा कागद दिसत नाही!"

सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच थांबला. चष्मेवाल्याच्या लक्षात आलं आणि त्यानं जीभ चावली. पण चावलेली जीभ काय कामाची? शब्द तर केव्हाच दाराबाहेर पडला होता.

आठवडाही गेला नाही. विरोधी पुढाऱ्यानं भर सभेत विचारलं, "ज्यांना समोरचा कागद दिसत नाही, त्यांना देश काय दिसणार? आणखी काय काय लपवलंय या बाईंनी?" बोलताना स्वतःचा जाड चष्मा त्यानं दोनदा नाकावर वर ढकलला. सभा खो खो हसली. त्याच्या चष्म्याकडे बघून मात्र कोणी हसलं नाही.

चष्मेवाल्यानं टीव्ही बंद केला. त्या दिवशी त्यानं दोन गिऱ्हाइकांचे चष्मे एकमेकांना दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको घरी आली. अंगात करडा कोट नव्हता. बूट काढून तिनं दाराशी नीट लावून ठेवले आणि म्हणाली, "उद्यापासून पुन्हा फाटकावर. पास तपासायला."

हेच तर त्याला हवं होतं. संध्याकाळी घरी येणारी बायको. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

"कसं काय... का?"

"वरिष्ठांनी विचारलं, बातमी कुठून फुटली. मी सांगितलं, माझ्याच तोंडून गेली. बाजारात, बोलता बोलता."

"पण तू तर..."

"मी बोलले नव्हते. सल्लागार सोडले तर माहीत आपल्या दोघांनाच होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दुकानाचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला उचलून नेलं असतं. तुम्हाला सहन झालं नसतं ते."

एवढं बोलून ती तोंड धुवायला गेली. चष्मेवाला तिथंच भिंतीला टेकून बसला. उगाच गोळी वाया, असं म्हणाली होती ती. गोळी झाडली होती ती त्यानंच, आणि ही मध्ये येऊन उभी राहिली होती. विचारलं नाही, सांगितलं नाही, नुसती उभी राहिली. इतके दिवस तो जे दुसरीच्या वाट्याला गेलं म्हणून जळत होता, ते त्याच्या पदरात पडलं होतं आणि आता ते त्याला उचलवत नव्हतं. त्याला रडू आलं. तिला आवाज जाऊ नये म्हणून तो गॅलरीत गेला.

त्या आठवड्यात बाई देशापुढे बोलायला आल्या. संध्याकाळी दोघं टीव्हीपुढे बसले. बाईंनी सगळ्यांदेखत पर्समधून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता नीट दिसतंय." काचा त्यानं घासलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरांत भाषणापेक्षा फ्रेमचीच चर्चा जास्त झाली, ते जाऊ द्या.

बाईंच्या मागे एक नवी पोरसवदा अंगरक्षक होती. तोच करडा कोट.

"उजवीकडे का उभी राहिली ती?" बायको पुटपुटली. "बाई डावीकडे वळतात. गर्दीत पटकन डावीकडेच वळतात त्या. कोणी सांगितलं नाही का तिला?"

चष्मेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. ती बाईंकडे बघत नव्हती. कोपऱ्याकडे बघत होती. इतके दिवस तो बघायचा तशी, अगदी तशीच. बायको शेजारी होती, गुडघ्याला गुडघा लागत होता, आणि याच्या पोटात पुन्हा तीच जुनी कळ उठली.

तो तिच्याकडे सरकला. "ऐक ना," तो म्हणाला, "मी आज तुला चहा..."

तिनं पडद्यावरची नजर न हलवता हात आडवा धरला. तो जागच्या जागी थांबला.