भेळ करणारं यंत्र

मुलांनो, तिकडे परदेशात तुमच्या शाळेत प्रत्येकाला लॅपटॉप मिळतो आणि त्याच्यावर तुम्ही दाणे सांडता, हे मला व्हिडिओ कॉलवर दिसतं. इथे संगणक कसा शिकवतात हे फोनवर सांगायला लागले की तुम्ही हसून विषय बदलता. म्हणून लिहूनच पाठवते.

सांगलीतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक शिक्षिका भाड्याने राहतात. इस्लामपूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत त्या शिवणकाम शिकवायच्या. शिवणाचा तास बंद झाला, संगणकाचा सुरू झाला, आणि तो त्यांच्याकडेच आला. हेही यंत्र, तेही यंत्र, असा विचार मुख्याध्यापकांनी केला असणार. बाई कंत्राटी, नेमणूक वर्षावर्षाची. यंदा वरून हुकूम आला : शिक्षकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करा, वर्गातल्या एका तासाचा व्हिडिओ त्याच्या साइटवर चढवा आणि प्रमाणपत्र मिळवा. नाही मिळालं तर जूनपासून दुसरं कोणीतरी.

अभ्यासक्रम इंग्रजीत होता. बाई जिना उतरून माझ्याकडे आल्या.

"काकू, तुमचं इंग्रजी पक्कं. मला एवढंच जरा मराठीत सांगाल?"

एवढंच म्हणजे चाळीस पानं. मी ती समास सोडून, पानांना आकडे घालून वहीत उतरवली. साइटवरच्या फोटोत गोरीगोमटी मुलं संगणकाकडे बघून अशी हसत होती, जसं काही त्यात आईस्क्रीम ठेवलंय. बाईंच्या शाळेतल्या संगणकांवर त्यांनीच शिवलेल्या झालरीच्या खोळी असतात. खंडेनवमीला खोळी काढून फूल वाहतात आणि परत घालतात. खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. मुलांनी हात लावला तर बिघडेल, हे कारण.

नशिबाने एक धडा संगणकाशिवायचा निघाला. शिक्षकाने यंत्रमानव व्हायचं. मुलांनी एकेक सूचना द्यायची. यंत्राने सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. सूचनेत काय राहिलं ते मुलांना आपोआप कळतं म्हणे. साइटवर पावाला जॅम लावत होते. आम्ही भडंगाची भेळ ठरवली.

व्हिडिओ काढायला मी गेले. नववीच्या वर्गासमोर बाई हात ताठ करून उभ्या राहिल्या. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"हुकूम करा मला," बाई म्हणाल्या. "मी यंत्र आहे."

शेवटी एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुम्हाला जमलं तर कांदा घालाल का?"

बाईंनी अख्खा कांदा सालासकट पातेल्यात टाकला. "काही चुकलं का?"

"न्हाई बाई," सगळा वर्ग म्हणाला. "बरोबर हाय."

बाईंची चूक काढायची नसते, हे या मुलांना पहिलीपासून शिकवलेलं. साइट तयार करणाऱ्यांना कोणी ते कळवलं नव्हतं.

मुख्याध्यापक दारातून बघत होते. म्हणाले, "मावशींना उभं करा की." मावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. पाचवीच्या पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे सकाळपासून त्यांनाच कामं सांगतात. त्या आल्या आणि वर्गाला कंठ फुटला.

"मावशी, कांदा घाला."

मावशी विळी घेऊन कांदा सोलायला बसल्या.

"मावशी, सांगतील तेवढंच करायचं," बाई म्हणाल्या.

"आवं बाई, सालासकट घालू? येडी हाय व्हय मी?"

"मीठ घाला," एक मुलगा ओरडला.

"भडंगाला मीठ असतंया. तुझी आई घरात काय करती ते कवा बघितलंस का रं?"

मावशींचं डोकं काही थांबेना, आणि साइटवर व्हिडिओ चढवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. बाई जवळ जाऊन हळू म्हणाल्या, "मावशी, हे झालं नाही तर माझी नोकरी जाते."

मावशींनी विळी बाजूला केली. "आसं आधी सांगायचं. डोकं बंद ठिवायचं, व्हय ना? मला हितं रोज त्येच सांगत्यात."

मग त्या पक्क्या यंत्र झाल्या. भडंग घाला म्हटल्यावर पुडीच पातेल्यात गेली. लिंबू पिळा म्हटल्यावर अख्खं लिंबू मुठीत दाबत बसल्या. वर्ग हसून हसून लोळला. मावशींना चुकलं म्हणायला कोणाला भीती वाटत नव्हती.

"आधी पुडी फोडा."

"कशानं?"

"कात्रीनं. वरनं."

"कात्री कुठाय?"

दहा मिनिटांत मुलं कांदा आधी की लिंबू आधी यावर भांडत होती. चाळीस पानांत जे होतं ते त्यांच्या तोंडी आलं होतं.

व्हिडिओ पंधरा मिनिटांचा. चढवल्यावर दोन मिनिटांत प्रमाणपत्र आलं. तेव्हा तो कोणी किती लक्ष देऊन पाहिला असेल, याचा हिशेब तुम्ही करा. तुमचं गणित चांगलं आहे.

बाईंची नोकरी राहिली. नव्या नेमणुकीचं पत्र हातात पडलं त्या दिवशी त्या संगणकाच्या खोलीची किल्ली मागायला गेल्या.

"आता कशाला?" मुख्याध्यापक म्हणाले. "प्रमाणपत्र मिळालं ना?"

"खोळी मळल्यात, सर. धुवायला काढते."

किल्ली मिळाली. खोळी काढायला बाईंनी नववीचा अख्खा वर्ग बरोबर नेला. किल्ली परत मागणाऱ्या मुख्याध्यापकांना बाई रोज सांगतात, खोळी अजून वाळायच्या आहेत.