सर्जाचा पोळा

माझ्या आत्यानं आयुष्यात कुणाचंही म्हणणं पहिल्या खेपेला मान्य केलेलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे दुसऱ्या खेपेलाही नाही. कॉलेजसाठी मी तिच्याकडे बजाजनगरला राहायला आले, तेव्हा मला वाटलं, ती माझ्यावरच रागावली आहे. मग कळलं, ती सगळ्यांशी अशीच बोलते. गॅसवाल्याशी, दूधवाल्याशी, टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांशीसुद्धा. पाऊस येणार असं सांगितलं की ती मुद्दाम गच्चीवर कपडे वाळत घालते, आणि भिजले तर म्हणते, "त्यांनी सांगितलं म्हणून आला." घरमालकांनी एकदा दारात उभं राहून बजावलं, "ताई, इथं जनावर चालणार नाही." आत्या शांतपणे म्हणाली, "चालत नायच तो. उड्या मारतो."

तो म्हणजे सर्जा, तिचा ससा. शेजारचं कुटुंब बदली होऊन गेलं आणि ससा मागं राहिला. दोन ओंजळींत मावेल एवढा, पण आत्यानं त्याला नाव दिलं बैलाचं. तिचं माहेर, म्हणजे आमचं घर, शेळ्या-मेंढ्यांवर जगलेलं. लग्न होऊन कंपन्यांच्या या वस्तीत आल्यापासून तिच्या दारात खुराचं काही आलं नव्हतं. सशाला खूर नसतात, हे मी एकदा भीत भीत सांगितलं. "कॉलेजात हेच शिकवतेत व्हय," ती म्हणाली.

पोळ्याला आमच्या गल्लीत सगळ्यांनी मातीचे बैल पुजले. आत्याला ते पटलं नाही. "घरात जित्तं जनावर असताना मातीला कशाला ओवाळू?" तिनं सर्जाच्या कानांना गेरू लावला, कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात लोकरीचा गोंडा बांधला, आणि बैलाला भरवतात तशी पुरणपोळी भरवली. सर्जानं ती आवडीनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात अंग चोरून बसला. कोथिंबीर पुढं केली तरी तोंड फिरवलं. पिंजऱ्यात एक लेंडी नाही. आत्यानं पोट चाचपलं. "फुगलाय. उपाशी ठेवायचा. शेळीला बी असंच करतेत," म्हणून तिनं चारा उचलून ठेवला. दुपारपर्यंत तो आणखी मलूल झाला, दात करकर वाजवू लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, ससाच तर आहे. दुसरा आणा." झालं. आत्यानं पदर खोचला. काकू तसं म्हणाल्या नसत्या तर आम्ही दवाखान्यात गेलो असतो की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

सर्जाला दुरडीत घालून आम्ही शहरात, औरंगपुऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो. रिक्षावाले चाचा आरशातून बघत म्हणाले, "खरगोश के वास्ते इत्ती दूर जारे, अम्मा?"

"मग तुमच्या वास्ते जाऊ का?" आत्या म्हणाली.

डॉक्टर तरुण होत्या. "काय खाल्लं यानं?"

"नैवेद्य," आत्या म्हणाली. मी हळूच सांगितलं, "पुरणपोळी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोड आणि पिठाचं सशाला सोसत नाही, त्याची आतडी मंदावतात, आणि त्यात उपास म्हणजे सगळ्यात वाईट, असं त्यांनी समजावलं. पोट नीट तपासलं, कुठं अडकलेलं नाही याची खात्री केली, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, औषध दिलं आणि बिनसुईच्या सिरिंजनं भरवायचं पातळ खाद्यही दिलं. "थोडं थोडं, पण सारखं भरवा. आणि गवत, हवं तेवढं."

"फुगल्या पोटाला चारा? आमच्या बापानं शेकडो शेळ्या जगवल्या."

"जगवल्या असतील. हा ससा आहे, मावशी. पोटात काही गेलं नाही तर उद्या राहणार नाही."

आत्यानं सिरिंज आणि औषध पदरात बांधून घेतलं.

घरी आल्यावर मात्र ती डॉक्टरांशी एकटीच भांडत सगळं त्यांच्याच सांगण्याप्रमाणे करू लागली. "म्हणे सारखं भरवा. आम्हाला दुसरे उद्योग नायत," असं पुटपुटत सर्जाला मांडीवर घ्यायची आणि ओठाच्या कडेनं थेंब थेंब खाद्य सोडायची. मग एका बंद कारखान्याच्या आवारात विळा घेऊन गवताला गेली. वॉचमन म्हणाला, "मावशी, आत यायला परवानगी लागते."

"गवताला उगवायला कुणी दिली होती?"

त्यानं फाटक उघडलं. मी त्याच्याकडे न बघता तिच्या मागून आत गेले.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले होते. "पोरी, इकडं ये," आत्यानं हाक मारली. ती पिंजऱ्यापुढं बसली होती. आत सर्जा गवताची काडी चावत होता आणि तिच्या तळहातावर चार-पाच बारीक लेंड्या होत्या. आता डॉक्टरांना एखादा टोला बसणार, असं मला वाटलं.

"लहानपणी रोज शेळ्यांखालचं मीच झाडायचे," ती म्हणाली. "लई राग यायचा. म्हणायचे, लगीन झालं की सुटले यातून."

मी केरसुणी पुढं केली. तिनं ती घेतली नाही, लेंड्यांवर मूठ अलगद मिटली.