कातळावरचा शोषखड्डा

आमचं घर पारनेर तालुक्यातल्या एका गावाबाहेर, माळावर आहे. वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. घर बांधताना पायाला अशी जमीन मिळाली म्हणून सगळे खूश होते. गवंडी म्हणाला होता, भिंतीला कधी तडा जायचा नाही. तो गेलाही नाही. आमचं जे बिघडलं ते सगळं जमिनीखाली.

घरात आम्ही तिघं. माझे यजमान दूध संकलन केंद्रावर कामाला. मी पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवते. आणि सासूबाई. त्यांना मी आमच्याकडच्या रिवाजानं आत्या म्हणते. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे पार कामातून गेलेले. मुलं पुण्याला नोकरीत, नणंद जामखेडला दिलेली.

आत्यांचं अर्धं आयुष्य वस्तीवर गेलं, तिथं संडास नव्हता. बायांनी अंधारात उठून जायचं, नाहीतर दिवसभर कळ काढायची. त्यामुळं हे घर बांधताना त्यांनी देवघर कुठं, चूल कुठं, काहीच विचारलं नाही. आपल्या खोलीला लागून संडास पाहिजे, एवढंच म्हणाल्या. गुडघे गेल्यावर तिथं कमोड बसवला. मग भेटायला आलेल्या बायांना त्या हाताला धरून तो दाखवायच्या. मला लाजल्यासारखं व्हायचं. त्यांना काही नाही.

मागच्या अंगणात सेप्टिक टँक होता आणि त्यातून वाहणारं पाणी जिरवायला पलीकडे दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा. बरीच वर्षं आम्हाला त्यांची आठवणसुद्धा आली नाही. मग दोन पावसाळे ओळीनं जोराचे झाले. दुसऱ्या पावसाळ्यात कमोडमधून बुडबुड आवाज यायला लागला. पाणी सोडलं की ते काठापर्यंत चढायचं आणि रेंगाळत उतरायचं. यजमानांनी बांबूची काठी घालून पाहिलं, दुकानातून ॲसिड आणून ओतलं. एका सकाळी मी बाथरूममध्ये धुणं धूत होते, तर खालच्या जाळीतून काळं पाणी वर आलं आणि माझ्या पायांना लागलं. वास आला तेव्हा कळलं, हे धुण्याचं पाणी नव्हे.

नगरहून मैला उपसणारा टँकर बोलावला. जाड पाइप घराला वळसा घालून मागं नेला, मशीन धडधडलं, तासाभरात टँक रिकामा झाला. मी सगळं घर फिनेलनं धुतलं. त्या दिवशी मी साखरभात केला होता, एवढा आनंद झाला होता मला. जाताना टँकरवाला यजमानांना म्हणाला, "मालक, गाळ लई न्हवता. नुस्तं पानीच हुतं. पानी जिरंना तुमचं."

आठवडा सरायच्या आत पाणी पुन्हा वर आलं.

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो वास. तो पडद्यांना बसला, अंथरुणाला बसला. माझ्याकडं ब्लाउज टाकायला येणाऱ्या बाया आधी खुर्चीवर बसून गप्पा मारायच्या. आता दारातूनच माप द्यायला लागल्या. एकीनं बोलता बोलता पदर नाकाला लावला आणि माझ्याकडं बघून पटकन खाली घेतला. ती परत आली नाही. मी तिला दोष देत नाही. सकाळी उठलं की माझं पहिलं काम ठरलेलं. जाळीतून वर आलेलं डब्यानं बादलीत भरायचं आणि मागं माळावर खड्डा करून ओतायचं. मग अंघोळ करायची, आणि अंघोळ केली की तेच पाणी जाळीतून परत यायचं.

उपाय सगळ्यांकडं होते. कोणी पावडर दिली, ती टँकमध्ये टाकली की मैला विरघळतो म्हणून. आम्ही ती टाकत राहिलो. गटाराला जोडून द्या, असं कोणी म्हणालं. ग्रामपंचायतीत विचारलं तर ते म्हणाले, ते गटार पावसाच्या पाण्याचं आहे, उघडं आहे आणि खालच्या आळीतल्या लोकांच्या दारावरून जातं. यजमान परत आले. आमच्या दारावरून कोणी असं सोडलं असतं तर आम्ही सोडू दिलं असतं का?

शेवटी नवा शोषखड्डा घ्यायचं ठरलं. मागच्या कुंपणाजवळ जागा होती. बोळ अरुंद, जेसीबी आत येईना, म्हणून माणसं लावून पहारी-कुदळीनं खणायला सुरुवात केली. कमरेइतकं खोल गेल्यावर कातळ लागला. तो फोडायला कॉम्प्रेसर आणला. दोन दिवस घर हादरत होतं, भांडी खाली पडत होती. आत्या खोलीत कानावर हात धरून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून शेजारचे चाचा आले. आमची दोन्ही घरं एकाच वर्षी बांधलेली, ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ कधी चुकला नाही. ते खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. त्यांनी वाकून आत पाहिलं.

"बाई, राग मानू नका," ते मला म्हणाले. "पण माझा बोअर इथून किती लांब हाय, तुम्हीच बघा."

"चाचा, दुसरी जागाच नाही हो आमच्याकडं."

"मला कळतंय. पण चार दिवस झाले, आमच्या पाण्याला वास येतोय. नातवंडं तेच पाणी पितात. धाकटीला जुलाब लागलेत."

तोवर मला वाटत होतं, हे आमच्या चार भिंतींतलं दुखणं आहे. यजमान पुढं आले, त्यांनी चाचांचा हात धरला. त्यांनी माणसांना काम थांबवायला सांगितलं. अर्धा खणलेला खड्डा तसाच राहिला, त्यात पावसाचं पाणी साचलं आणि ते पाणीही जिरलं नाही. चाचांनी पिण्याचं पाणी जारनं आणायला सुरुवात केली. ते आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत. पण कुंपणापाशी उभं राहून बोलणं बंद झालं. त्या ईदला डबा आला, तो त्यांच्या सुनेनं फाटकाला अडकवला आणि हाक न मारता ती परत गेली.

या सगळ्यात आत्या गप्प होत गेल्या. जेवण कमी झालं. चहा नको म्हणायला लागल्या. मी म्हटलं, या वासानं माझंही अन्न आत जात नाही, त्यांचं कसं जाईल? तांब्याभर पाणी मी त्यांच्या उशाशी ठेवायची, संध्याकाळी तो रिकामा असायचा. नंतर एकदा त्यांच्या खिडकीखाली केर काढताना दिसलं, तिथली माती कायम ओली. पाणी पोटात जात नव्हतं, खिडकीतून बाहेर जात होतं. हे मी यजमानांना संध्याकाळी सांगणार होते. त्याच दिवशी दुपारी आत्या पलंगावरून उतरताना कोसळल्या. हाक मारली तर ओ नाही, जीभ लाकडासारखी कोरडी.

चाचांच्याच गाडीतून त्यांना नगरला नेलं. त्यांनी विचारायचीही वाट पाहिली नाही, गाडी दाराशी आणून उभी केली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणीच उरलेलं नाही, लघवीत जंतू झालेत, किडनीवर ताण आलाय. सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी आत्यांनी डोळे नीट उघडले. मी उशाशी बसले होते.

"आत्या, पाणी का ओतून देत होता?"

त्या छताकडं बघत हळू म्हणाल्या, "पानी प्यालं की जावं लागतं. मी गेले की ते वर येतं. आन तू ते हातानं भरतीस."

"मी कधी कुरकुरले का तुमच्यापाशी?"

"न्हाई ना. म्हनून तर बघवंना." पुढं म्हणाल्या, "वस्तीवर आमी असंच करायचो. दिसभर पानी प्यायचं न्हाई. सवय हाय मला."

मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही. एवढंच वाटत होतं की ज्या त्रासातून सुटायला त्यांनी हे घर मागितलं, तो त्रास त्यांनी म्हातारपणी या घरात पुन्हा ओढवून घेतला, आणि त्यांना त्याचं नवलही वाटलं नाही.

दवाखान्यातून नणंद त्यांना परस्पर जामखेडला घेऊन गेली. "घर नीट झालं की आईला घेऊन जा वहिनी," म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी ते यजमानांच्या मनाला लागलं.

मग जे एकच शक्य होतं ते केलं. पुढचं अंगण फोडलं. रस्त्याच्या बाजूनं जेसीबीला ब्रेकर लावून कातळ कोरला आणि तळापासून झाकणापर्यंत बंद, सिमेंटची टाकी बांधली. तिला बाहेर जायला वाट नाही. भरली की टँकर बोलवायचा, रिकामी करायची, परत भरू द्यायची. मागचा जुना टँक उपसून बुजवला. वास गेला. चाचांच्या बोअरचं पाणी मात्र अजून पिण्यासारखं झालेलं नाही. होईल कधीतरी, असं ते म्हणतात, आणि जार आणत राहतात.

यजमान आईला आणायला जामखेडला गेले. मी आत्यांची खोली सारवल्यासारखी लख्ख केली, नवी चादर घातली. दिवेलागणीला ते एकटेच परत आले. चप्पल काढून पायरीवरच बसले.

"आत्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, तिथं आलं की पानी माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई रे. मी हितंच बरी."

"सांगितलं नाही का, आता सगळं नीट झालंय?"

"सांगितलं," ते म्हणाले. "ती म्हणाली, व्हय, झालं असंल."

आम्ही दोघं आता या घरात राहतो. टाकी लवकर भरू नये म्हणून बादलीत मोजकं पाणी घेऊन अंघोळ करतो, धुण्याचं पाणी झाडांना घालतो. मुलं सुट्टीला येतात, पण दोन दिवसांच्या वर राहा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना ते कळतं, ती आपणच निघतात. यजमान घर विकायचं काढतात. लोक येतात, भिंती वाजवून बघतात, बांधकाम चांगलं आहे म्हणतात. मग विचारतात, सांडपाण्याची व्यवस्था काय? आम्ही खरं तेच सांगतो. परत कोणी येत नाही.