शालूबाई उठली का?

आमच्या कसबा बावड्याचा वायरमन विजयसिंह. पगार त्याचा, पिवळं हेल्मेट त्याचं आणि खांबाखाली आलं की दुखायला लागणारे गुडघेही त्याचेच. म्हणून खांबावर चढतो आकाराम. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, म्हणून त्याला सगळे ‘झिरो वायरमन’ म्हणतात. कायम झाला असता तर ‘हेल्पर’ म्हणाले असते. आणि आकाराम वर असताना डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, बसून राहते त्याची बायको शालूबाई. तिला मात्र कुणी झिरोसुद्धा म्हणत नाही.

तिचं काम सांगायला सोपं आहे. पेटीची दांडी खाली ओढायची, तिन्ही फ्यूज काढून ओटीत घालायचे, पदर खोचायचा आणि नवरा खाली येईपर्यंत हलायचं नाही. याला कारण आम्ही शेतकरी. शेतीची लाइट आठ तास, त्यात ती गेली की आम्हाला दम निघत नाही. पेटी उघडायची, फ्यूज नसला तर तांब्याची तार अडकवायची, दांडी वर ढकलायची की मोटर सुरू. मी स्वतः कितीदा केलंय, खोटं कशाला बोलू.

शालूबाई मूळची पेठ वडगावची, आणि विजेला भयंकर भिणारी. घरातलं बटणसुद्धा लाटण्याच्या टोकानं दाबायची. शेजारच्या गावातला एक झिरो तारेला चिकटून गेला. तो वर असताना खाली कुणीतरी दांडी वर केली होती. त्याच्या मयताला ती जाऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून डीपीखाली बसायला लागली. आकाराम लाजला. नवऱ्याची राखण करते म्हणून गावानं चेष्टा केली. त्यात मी पुढं होतो.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. माझी उसाची लावण नुकतीच झालेली, पाणी द्यायचं होतं आणि लाइट दोनपर्यंतच. येताना नाक्यावर विजयसिंह दिसला. हेल्मेट काखेत मारून बशीतला चहा फुंकत होता. वायरमन चहा पितोय, म्हणजे काम झालं असं मी धरून चाललो. आकाराम अजून वरच असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

डीपीपाशी शालूबाई बसलेली. मी फ्यूज मागितले. ती म्हणाली, अजून मालक खाली आले नाहीत, आले की फोनवर मिस कॉल येतो, तो आलेला नाही. मधे दोन पुरुष उंचीचा ऊस, पलीकडचा खांब कुणालाच दिसत नव्हता. वायरमनला मी डोळ्यांनी बघून आलोय, असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं.

“तू कोण गं अडवणारी? वायरमन हायस का हेल्पर?”

खिशातली तार काढून मी पेटी उघडली. तिनं आरडाओरडा केला नाही. उठली आणि फ्यूजच्या रिकाम्या खाचांत तिनं आपली बोटं घातली.

“ढकला दांडी, भावजी. पर आदी मला चिकटू दे.”

तिचा हात इतका कापत होता, की पेटीचा पत्रा खडखड वाजत होता. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. आणि तेवढ्यात उसापलीकडून आवाज आला. लोखंडी खांबावर पक्कड आपटल्याचा. टण्, टण्.

आकाराम वर होता.

मी बांधावर खाली बसलो. तार तिथंच गवतात पडली. दहा मिनिटं झाली असतील, आम्ही दोघं त्या आवाजाकडं कान लावून होतो. मधेच तो थांबला, तेव्हा मी उठून उसाकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं फोन वाजून बंद झाला. आला मिस कॉल, आता काढ हात, मी म्हणालो. तिनं मान हलवली.

“फोन कुनीबी लावंल. मानूस दिसू दे.”

आकाराम उसातून बाहेर आला, पात्यांनी तोंड कापलेलं. तेव्हा कुठं तिनं बोटं काढली आणि ओटीतले फ्यूज त्याच्या हातावर ठेवले. तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, काय झालं. मी मान खाली घातली. आता ही सांगणार, आणि ह्याच्या हातातली पक्कड माझ्या टाळक्यात बसणार.

“काय न्हाय,” ती म्हणाली. “भावजी बसलंत सोबतीला.”

आकारामला ती गोष्ट आजही माहीत नाही. मी मात्र त्या दिवसापासून डीपीला हात लावण्याआधी मोठ्यानं विचारतो, “शालूबाई उठली का?” माझं ऐकून बाकीचेही विचारायला लागले. परवा विजयसिंहानंही विचारलं.