आत वळवलेलं घड्याळ

बाबा गेल्याला महिना झाला. आज त्यांच्या घड्याळाचा पट्टा जुन्या ब्रशने घासताना बकलाच्या फटीतून संत्र्याच्या सालीचा वास आला.

ते दणकट घड्याळ मी पहिल्या पगारातून त्यांना घेतलं होतं. मोहगावच्या आमच्या संत्र्याच्या बागेत तोडणीच्या वेळी त्यांनी त्याची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेली दिसली आणि मी दुखावलो.

“बाबा, घडी आवडली नाही का? अशी लपवून कायले घालून राह्यले?”

“लपवून नाही रे बावा. संत्र्याच्या झाडाले काटे असतेत. माह्या हाताचा ओरखडा भरून येते, काचेचा येते का?”

तेव्हा मला ती सबब वाटली होती. आज पाहिलं, काचेवर एक रेघ नाही. बाहेर राहिलेलं बकल मात्र ओरखड्यांनी भरलंय. मी घासणं थांबवलं आणि घड्याळ तसंच, तबकडी आत वळवून, मनगटावर बांधलं.